बोटाने ठिणगी बघणारे काका

ठिणगी आहे की नाही हे ते बोटाने बघत. दुकानात मीटर होता, प्लग तपासायचं दिव्याचं साधनही होतं, पण ती दोन्ही त्यांनी कधी खोक्यातून बाहेर काढली नाहीत. प्लगची टोपी काढायची, वायरचं टोक डाव्या हाताच्या बोटांत धरायचं, करंगळी इंजिनाच्या अंगाला टेकवायची आणि उजव्या हाताने दोरी ओढायची. झटका बसला की ते डोळे मिटून घेत आणि मग निकाल देत. "ही आजारी आहे. कॉइल बघा." नाहीतर, "ही पोरकट आहे. दोन दिवस नाचेल आणि बसेल." फार क्वचित म्हणत, "ही खानदानी." दुकानात आलेली माणसं आपलं काम झालं तरी हे बघायला थांबायची, आणि कोणी बघत असलं की काका दोरी जरा जास्तच ऐटीत ओढायचे.

गेल्या वर्षी ते वारले. तेव्हापासून कोलशेतच्या नाक्यापासून डोंबिवलीपर्यंत जो भेटतो तो मला सांगतो, काका म्हणजे देवमाणूस. हा शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणते. मी वाईट बोलत नाही, झालं ते सांगते आहे, आणि त्यांच्याबद्दल जे चांगलं आहे तेही सांगणार आहे, कारण त्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही.

दुकान माझ्या वडिलांचं. आम्ही खाडीवरची माणसं. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. पुढे खाडीत मासा राहिला नाही, होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्या आणि मागे टॉवर उभे राहिले. टॉवरना बागा आल्या, बागांना गवत कापायची मशीनं आली, फवारणीचे पंप आले आणि झाडं छाटायचे चेनसॉ आले, ज्यांना आमच्याकडे सगळे कटर म्हणतात. वडिलांनी पाटी न बदलता धंदा बदलला. काकांना त्यांनीच आणलं. जवळच्या एका कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात काका होते, कारखाना बंद पडला आणि ते डोंबिवलीच्या घरात एकटे बसून भिंतीवरचं घड्याळ खोलायचे, परत जोडायचे. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. वडील त्यांना सर म्हणायचे. माझा धाकटा भाऊ जितू त्यांना काका म्हणायचा. मी तोंडावर काका म्हणायचे आणि मनात काय काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि दुकानाबरोबर काकाही आले.

पहिलं वर्षभर त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. मालकीण मी, आणि माझ्याच दुकानात ते मला म्हणायचे, "तू गल्ल्यावर बस. तिथे तुझ्याकडून काही बिघडणार नाही." मी ऐकून घेणारी नव्हे. एक दिवस ते जेवायला बसले असताना मी एक पंप खोलला आणि त्यांच्या डब्यासमोर मांडला. ते जेवत राहिले. डबा धुवून आणला, हात पुसले आणि म्हणाले, "खोलता सगळ्यांना येतं." मग मला तो जोडायला लावला, बाजूला बसून, एक शब्द न बोलता. शेवटी एक वायसर उरला तेव्हा तो उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्या दिवसापासून मात्र त्यांनी मला शिकवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मी परत बघितला नाही. कुठलीही गोष्ट सांगताना ते आधी तिचा स्वभाव सांगायचे. ठिणगी तयार करणारी कॉइल रागीट असते, गरम झाली की बोलत नाही, थंड झाली की परत येते. प्लग भोळा असतो, त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. कॉइल आणि फिरणारं मॅग्नेट यांच्यात किती फट ठेवायची हे मोजायला त्यांच्याकडे जाड कागदाचा एक तुकडा होता. तो त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा होता. "त्या पत्रिकेचा एवढा एकच उपयोग झाला," असं ते म्हणायचे, पण काम झाल्यावर तो तुकडा पुसून शर्टाच्या खिशात, छातीकडच्या, जायचा.

आणखी एक सवय होती. वायरच्या टोकाला टेप गुंडाळली की ते टेपचं शेवटचं टोक दुमडून त्याची छोटी शेपटी ठेवायचे. "उद्या कोणाला तरी ही टेप काढायला लागेल. त्याने नखं का मोडावीत?" अख्ख्या ठाण्यात अशी शेपटीची टेप दुसरा कोणी लावत नसेल.

पण माणूस महा हट्टी. एकदा एका सोसायटीचे सेक्रेटरी गवत कापायचं मशीन घेऊन आले. प्लग कालच नवा टाकलाय, असं ते छातीठोकपणे सांगत होते. काकांनी प्लग काढून बघितला. तो इतका काळा होता की आमच्या आईने चुलीत घातला नसता. त्यांनी वायरचं टोक सेक्रेटरींच्या हातात दिलं, म्हणाले, "जरा धरा," आणि दोरी ओढली. सेक्रेटरी असे उडाले की त्यांचा चष्मा समोरच्या रसवंतीच्या पायरीवर पडला. "मशीन खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "माणसं बोलतात." हा किस्सा लोक अजून पोट धरून हसत सांगतात. त्या सेक्रेटरींच्या घरी जाऊन हात मी जोडले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. काकांना मी म्हटलं की तुम्ही माफी मागा. ते म्हणाले, "खोटं तो बोलला. माफी मी मागू?" त्यांच्या तोंडून माफीचा शब्द मी तेव्हाही ऐकला नाही.

त्यांचं एक ब्रह्मवाक्य होतं. चालत्या मशीनला हात लावू नये. बिघाड शोधताना ते तासन्‌तास वाकून बसत, पण एकदा का मशीन सुरू झालं की सगळ्यांना मागे सारत. झाकणाचा एखादा स्क्रू राहिला असला तरी राहू द्यायचा, कारण तो लावायला जावं आणि ठिणगी रुसावी असं त्यांना वाटे. शिकलेला माणूस, पण इथे अगदी दृष्ट लागेल म्हणणाऱ्या बाईसारखा. आणि पाच वाजले की ते उठत. हातात स्क्रू ड्रायव्हर असेल तर तो टेबलावर आडवा, पिशवी खांद्याला, आणि "माझी वेळ झाली." मग समोर गिऱ्हाईक असो की आग लागलेली असो.

आता जितूबद्दल. माझा भाऊ झाडावर चढायचा. छाटणीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे होता, आणि कंबरेला दोर बांधून नारळापासून पर्जन्यवृक्षापर्यंत कशावरही जायचा. आमचे आजोबा डोलकाठीवर चढायचे म्हणतात, ते त्याच्यात उतरलं होतं. त्याचा स्वतःचा एक कटर होता, कोणाचातरी वापरलेला घेतलेला, जुना आणि जड, पण जितूचा त्याच्यावर जीव. त्याचा पिस्टन जाम झाला तेव्हा काकांनी पूर्ण मशीन उतरवून नवा पिस्टन बसवला. पावसाआधीची छाटणी जोरात होती, जितूला मशीन लगेच हवं होतं. सगळं जोडून झालं, दोरी ओढली, आणि ठिणगीच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॉइलपासून एक बारीक काळी वायर हँडलवरच्या बटणाकडे जाते. बटण बंद केलं की ती वायर इंजिनाच्या अंगाशी जोडली जाते, ठिणगी मरते आणि मशीन थांबतं. जुन्या मशीनमध्ये ती वायर कुठेतरी सोलवटते किंवा झाकण लावताना चेपते, आणि मग बटण न दाबताच मशीन मेलेलं राहतं. दुरुस्तीनंतर ठिणगी गेली तर पहिला संशय काळ्या वायरवर घ्यायचा. ही वायर कॉइलकडून सोडवून बघायची, ठिणगी आली तर चोर सापडला. मग नवी वायर टाकायची आणि जोडायची. हे मला काकांनीच शिकवलेलं.

त्या दिवशी त्यांनी ते केलं नाही. त्यांनी प्लग बदलला. लग्नपत्रिकेचा तुकडा घालून फट मोजली, परत मोजली. मॅग्नेट उतरवून त्याला जागेवर धरणारी चावी बघितली. दुसऱ्या मशीनची कॉइल लावून बघितली. मी म्हटलं, "काका, काळी वायर?" ते म्हणाले, "वायर मी स्वतः बसवली आहे." एवढंच. वायर चेपली असेल तर ती चेपणारा हात त्यांचा होता, म्हणून ती सोडून जगातल्या बाकी सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दुपारी मी कल्याणला सामान आणायला गेले. मी परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते, काका निघून गेले होते आणि जितू मशीन पिशवीत भरत होता.

"झालं ताई," तो म्हणाला. "काका बोलले खानदानी ठिणगी. शेवटी वायरच होती. असा आवाज काढलाय ना, नव्यासारखा."

"वायर बदलली?"

"केलं ना त्यांनी सगलं. मला तर हात पन नाय लावू दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जितू एका सोसायटीच्या मोठ्या झाडावर होता. या छाटणीवाल्यांची एक वाईट रीत आहे. झाडावर लोंबकळत दोरी ओढणं जड जातं, म्हणून खालचा माणूस मशीन जमिनीवर सुरू करतो आणि चालू मशीन दोराने वर पाठवतो. जितूने एक फांदी उतरवली. चेनमध्ये सालीचा तुकडा अडकला होता. त्याने बटण बंद केलं. कानावर आवाज अडवणारे जाड ठोकळे होते, खाली फांद्यांचा भुसा करणारं मशीन धडधडत होतं, झाड हलत होतं. चेन थांबली होती, कारण रेस सोडली की इंजिन चालू असलं तरी ती थांबतेच. बंद झालं असं समजून त्याने साल काढायला डावा हात घातला. मशीन त्याच्या मांडीवर टेकलेलं होतं, ते सरकलं, रेसचा खटका फांदीवर दाबला गेला आणि चेन फिरली.

हात राहिला. दोन बोटं आता वळत नाहीत. मशीन खाली पडून बंद झालं होतं आणि कोणीतरी ते उचलून बाजूला ठेवताना बटण इकडचं तिकडे केलं होतं, त्यामुळे बघायला काही उरलं नाही. ठेकेदार म्हणाला, बंद करायला विसरला. बरोबरची पोरं म्हणाली, विसरला असेल. आई म्हणाली, "त्याचं ध्यानच नसतं." जितू हॉस्पिटलमध्ये सुरुवातीला सारखा सांगत होता, मी बंद केलेला. मग तो म्हणायला लागला, मला वाटतं मी बंद केलेला. आणि मग काका भेटायला आले.

नारळपाणी घेऊन आले होते. स्टुलावर ताठ बसले, जितूच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे न बघता. म्हणाले, "मशीन बंद केल्याशिवाय चेनमध्ये हात घालू नये. किती वेळा सांगितलंय तुम्हा मुलांना." जितू लहान मुलासारखा म्हणाला, "चुकलं काका." काकांनी मान हलवली आणि नारळाला भोक पाडून दिलं. मी तिथे उभी होते. किती आपुलकीचा माणूस आहे असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते आठवलं की आजही मला भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटतं.

हाताची जखम भरली. डोक्यातली वाढत गेली. जितू घराला कुलूप लावून नाक्यापर्यंत जायचा आणि परत यायचा, कुलूप ओढून बघायचा. चहा झाला की विचारायचा, "ताई, गॅस बंद केला ना मी?" मी हो म्हटलं तरी उठून बघायचा. मोटरसायकल चालवणं सोडलं, कारण स्टँड वर केला की नाही हे त्याला आठवत नसे. स्वतःच्या पोराला अंघोळ घालायला भीत असे, गिझर राहिला असला तर. ज्या माणसाचा जीव वर्षानुवर्षं त्याने स्वतः मारलेल्या गाठीवर टांगलेला असायचा, त्याचा आता स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास उरला नव्हता. त्याची बायको रडून मला म्हणाली, "बोटं गेली तर गेली, पण हे काय झालं?"

पावसाळा संपल्यावर मी घराच्या मागच्या पडवीतून तो कटर काढला. जितू त्याच्याकडे बघतही नसे, म्हणून सुटे भाग काढून टाकावेत असा विचार होता. दुकानात आणला, चेन उतरवली, प्लग सुकवला आणि सहज दोरी ओढली. मशीन सुरू झालं. मी बटण बंद केलं. मशीन चालूच राहिलं. परत दाबलं. चालूच. हवा कोंडणारा चोक ओढला तेव्हा ते गचके देत थांबलं. मी झाकण उघडलं. काळी वायर कॉइलवरून सोडवलेली होती. टोकाला टेप होती. टेपला शेपटी होती.

काका त्या वेळी आतल्या खोलीत डबा खात होते. मी झाकण तसंच उघडं ठेवून त्यांना बाहेर बोलावलं. त्यांनी बघितलं. ओळखलं. तोंडावरची सुरकुतीही हलली नाही.

"ही तुम्ही जोडली नाहीत," मी म्हटलं.

"आवाज खाली ठेव, बाई."

"जोडली का नाहीत?"

"ठिणगी आली होती. सकाळी नवी वायर टाकणार होतो. मी यायच्या आत तो घेऊन गेला."

"तुम्ही त्याला सांगितलंत? की बटण चालत नाही?"

त्यांनी झाकण लावायला हात पुढे केला.

"फोन करायचा होतात. घरी पोचल्यावर. सकाळी."

"वाटलं नाही तो इतक्या लवकर नेईल."

"आणि हॉस्पिटलमध्ये? तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

काकांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, बोटं एकेक करून. मग म्हणाले, "ऐकलं तेव्हाच कळलं."

म्हणजे नारळपाणी आणताना माहीत होतं. स्टुलावर बसताना माहीत होतं. 'चुकलं काका' ऐकून मान हलवताना माहीत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर बोंबा मारत नव्हता, शांतपणे शिकवण देत होता. मी म्हटलं, "आत्ता चला. जितूला सांगा."

"सांगून त्याची बोटं वळणार आहेत का?"

"बोटांसाठी नाही सांगत मी. तो वेडा होत चाललाय. त्याला वाटतं त्याच्या डोक्यात बिघाड आहे."

"माझं आयुष्यभराचं नाव आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून गेलेलं मशीन परत आलेलं नाही."

"हे आलंय ना."

"मग तू सांग त्याला. पण तो ऐकणार नाही."

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाही मला राग आहे. मी जितूला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका असं नाय करनार गं. तू त्यांच्यावर पहिल्यापासून खार खाऊन असतेस." वायर दाखवते म्हटलं तर म्हणाला, पडल्यावर निघाली असेल. टेपचं सांगितलं तर म्हणाला, आधीची असेल. काकांना वाचवायला त्याच्याकडे दहा वाटा होत्या. स्वतःला वाचवायला त्याने एकही शोधली नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की बोलणं पुरे. एका दुपारी सामान उतरवायचं आहे म्हणून त्याला दुकानात बोलावलं. काका त्यांच्या टेबलाशी एक पंप उघडून बसले होते. मी कटर टेबलावर आणून ठेवला. जितू मागे सरला. चेन काढलेली आहे, असं मी त्याला दाखवलं, त्याचा हात धरून चेन बसते त्या रिकाम्या पट्टीवर फिरवला. मग दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं, कारण ठिणगी खानदानीच होती.

"बंद कर," मी ओरडले.

जितूने उजव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवला आणि खाली दाबला. मशीन चालू राहिलं. त्याने बटण वर केलं आणि परत दाबलं. मग परत. त्याच्या तोंडावरचा रंग बदलला. तो दाबतच राहिला, इतक्या जोराने की नख पांढरं पडलं, आणि ते मशीन त्याच्या तोंडावर धूर सोडत आरामात चालू होतं. शेवटी काका उठले. त्यांनी हात पुढे करून चोक ओढला. दुकानात एकदम शांत झालं.

"मी दाबलेलं," जितू म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, कोणाकडेच बघून नाही. "ताई, मी दाबलेलं गं. त्या दिवशी पन दाबलेलं."

तो खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. अपघात झाल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता. मी काकांकडे बघितलं. आता तरी, मला वाटलं. आता तरी हा माणूस बोलेल. काकांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला. झाकण उघडलं. शेपटी धरून टेप सोडवली, चेपलेली जुनी वायर ओढून काढली, नवी कापली, दोन्ही टोकं सोलली, जोडली, खाचेतून नीट ओवली आणि झाकण बसवलं. दोरी ओढली, बटण दाबलं, मशीन थांबलं. "झालं," ते म्हणाले. सगळं करायला त्यांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी घेतली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले. मी त्यांना यायचं नाही असं सांगणार होते, शब्दही तयार होते. जितूने मला आत ओढलं. "जाऊ दे ना ताई. त्यांना दुसरं कोन हाय?" मी म्हटलं, तुझ्या हाताकडे बघ आणि मग बोल. तो म्हणाला, "माझं डोकं ठीक हाय ना, बस झालं." खरंच ठीक झालं होतं. त्या दिवसापासून त्याने गॅसचं विचारलं नाही. तो दुकानात काम करायला लागला, काकांच्याच बाजूच्या स्टुलावर, आणि काका त्याला दोन बोटं न वापरता पाना कसा धरायचा हे तासन्‌तास दाखवत बसायचे. बघणाऱ्याला भरून आलं असतं. मला येत नव्हतं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. त्यानंतर आमच्या दुकानातून एकही मशीन बटण तपासल्याशिवाय गेलं नाही, काका स्वतः तपासायचे, गिऱ्हाईकासमोर, परत परत. पण का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "पद्धत आहे."

म्हणजे त्यांना कळत होतं. त्यांना सगळं कळत होतं, आणि तरीही जितूच्या बाजूला बसून एक वाक्य त्यांच्याने बोलवलं नाही. तुझी चूक नव्हती, माझी होती. लहान पोरंसुद्धा बोलतात. माणूस हातात वीज घ्यायला घाबरत नव्हता, आणि एवढ्याला घाबरला.

ते गेले तेव्हा डोंबिवलीहून शेजाऱ्यांचा फोन आला. जितू लगेच निघाला. आजूबाजूचे दुकानदार निघाले, ते सेक्रेटरीसुद्धा गेले. आमच्याकडे अशा वेळी शटर खाली ओढायची रीत आहे. मी ओढलं नाही. दिवसभर गल्ल्यावर बसले, आणि शेजारणी मला बघून आपसात काय बोलत होत्या ते मला ऐकू येत होतं.

संध्याकाळी जितू परत आला. अंघोळ करून ओल्या केसांनीच दुकानात आला आणि काकांच्या रिकाम्या स्टुलाशेजारी त्याच्या स्टुलावर बसला.

"तू यायला पायजे होतीस," तो म्हणाला.

मी गल्ला मोजायला घेतला.

"एवढा राग बरा नाय ताई. त्यांनी माफी मागितली असती, तर आली असतीस?"

"आले असते," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा जास्त रडले असते."